दूरचित्रवाणी मालिकांतील साहसदृश्यांचे सुरक्षित चित्रीकरण : मराठी ऐतिहासिक मालिकांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. दौंड परिसरातून भीमा ओलांडली की उत्तर तीरावर पेडगावचा बहादूरगड लागतो. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वर येथे पकडले गेलेले संभाजी महाराज याच गडावर औरंगजेबाच्या छावणीत आणले गेले. सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०२० या काळात झी मराठी वाहिनीवर 'स्वराज्यरक्षक संभाजी' ही मालिका प्रसारित झाली, तेव्हा या टापूतील प्रेक्षकांच्या दृष्टीने ती आपल्या शिवारातील घटनेची मालिका होती. मालिकेत संभाजी महाराजांची भूमिका करणारे डॉ. अमोल कोल्हे २०१९ मध्ये शिरूर लोकसभा मतदारसंघातूनच निवडून आले, हा योगायोगही येथे नोंदवावा लागतो.

अशा मालिकेत घोडदौड असते, तलवारीची झुंज असते, तटावरून कोसळणारे सैनिक असतात, जळणारी छावणी असते. ती पाहताना घराघरांत आणि वर्गावर्गांत एकच प्रश्न विचारला जातो : हे खरोखर केले असेल का? या प्रश्नाची दोन उत्तरे प्रचलित आहेत. एक, 'आता सगळे संगणकावर होते.' दुसरे, 'नट फार धाडसी आहे.' पहिले उत्तर मालिकेच्या अंदाजपत्रकाशी जुळत नाही आणि दुसरे वस्तुस्थितीशी. साहसदृश्य सुरक्षित होते ते एका जुन्या, हाताने करावयाच्या आणि बऱ्याच अंशी कंटाळवाण्या पद्धतीमुळे. ती पद्धत अशी की, धोक्याच्या कृतीचे इतके लहान तुकडे करावयाचे की त्यांपैकी कोणताही एक तुकडा धोक्याचा राहू नये. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे स्वरूप स्पष्ट करून ती कोठे ढिली पडते याचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका

मराठी मुलखाला या तंत्राची ओळख फार लवकर झाली. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर यांनी १९२० मध्ये 'सैरंध्री' हा मूकपट निर्माण केला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की ते कापून टाकावे लागले. प्रत्यक्षात कोणालाही इजा न होता प्रेक्षक मात्र हादरला पाहिजे, हे साहसदृश्याचे मर्म त्या एका प्रसंगात पूर्णपणे दिसते. याच कंपनीतून पुढे आलेले मास्टर विठ्ठल तलवारबाजीच्या मूकपटांचे लोकप्रिय नायक ठरले आणि १९३१ च्या 'आलम आरा' या पहिल्या बोलपटाचेही नायक झाले. १९३५ च्या 'हंटरवाली'तून मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनने नादियाला नायिका म्हणून पडद्यावर आणले. तो काळ नटाने स्वतःच उडी मारण्याचा होता. नंतरच्या काळात नटाच्या जागी उडी मारणारा वेगळा व्यावसायिक उभा राहिला. मुंबईच्या चित्रपटव्यवसायात त्याला 'फायटर' किंवा 'डुप्लिकेट' म्हणतात आणि त्याच्या वस्तादाला 'फाइट मास्टर'. 'शोले' (१९७५) मधील रेल्वेवरील हल्ल्याचे दृश्य पनवेल परिसरातील लोहमार्गावर सुमारे सात आठवडे चित्रित होत होते. पडद्यावर काही मिनिटे टिकणाऱ्या दृश्यासाठी सात आठवडे, हे प्रमाण वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याचा संदर्भ पुढे पुन्हा येणार आहे.

तलवारीची झुंज : अंतर, भिंग आणि वेग

दोन योद्धे परस्परांवर तुटून पडतात, असे आपण पाहतो. चित्रीकरणस्थळी मात्र ते आकडे मोजत असतात. प्रत्येक वाराला क्रमांक असतो आणि प्रत्येक क्रमांकाला पावलाची, खांद्याची व नजरेची ठरलेली जागा असते. वार शरीराच्या दिशेने दिसतो, पण रोखलेला असतो शरीररेषेच्या बाहेर, डोक्याच्या वीतभर वर अथवा कमरेच्या वीतभर बाजूला. हलकी धातू अथवा फायबर यांची बोथट तलवार वापरली जाते. तिचा खणखणाट नंतर ध्वनिमुद्रणात मिसळला जातो. खऱ्या पोलादी तलवारीची झळाळी जवळच्या दृश्यात हवी असेल, तर त्या तुकड्यात समोर दुसरा माणूस उभाच नसतो.

या शिस्तीतील एक नियम विशेष लक्षणीय आहे. मार खाणाऱ्याच्या हाती सूत्रे असतात. केस ओढण्याच्या दृश्यात ओढणाऱ्याची मूठ नुसती टेकलेली असते आणि ज्याचे केस ओढले जातात तोच ती मूठ आपल्या हाताने डोक्यावर दाबून धरून पुढे सरकतो. गळा दाबण्याच्या दृश्यात दाबणारे हात सैल असतात आणि ताण दिसतो तो 'गुदमरणाऱ्या'च्या मानेच्या शिरांत. त्यामुळे काही बिनसले तर थांबण्याचा निर्णय ज्याला इजा होऊ शकते त्याच्याकडेच राहतो.

उरलेले काम भिंग करते. कॅमेरा दोन मीटरवर ठेवला आणि एका योद्ध्याच्या एक मीटर मागे दुसरा उभा राहिला, तर मागचा माणूस पुढच्यापेक्षा एक-तृतीयांशाने लहान दिसतो आणि दोघांतील अंतर कोणाच्याही ध्यानात येते. कॅमेरा वीस मीटरवर नेऊन दूरचे जवळ दाखवणारे भिंग लावले, तर तोच माणूस जेमतेम पाच टक्क्यांनी लहान दिसतो. प्रेक्षकाच्या डोळ्याला दोघे परस्परांना भिडलेले वाटतात, प्रत्यक्षात मध्ये एक मीटर मोकळी जागा असते. घोड्याच्या टापांखाली सापडलेला सैनिक बहुधा याच गणिताने सापडलेला असतो.

वेगाचेही असेच आहे. भारतीय दूरचित्रवाणीवर प्रतिसेकंद २५ चौकटी दाखवल्या जातात. दृश्य २० चौकटींच्या गतीने टिपले, तर पाच सेकंदांची हालचाल पडद्यावर चार सेकंदांत उरकते. कलावंत सावकाश, तोल सांभाळून हालचाल करतो आणि प्रेक्षकाला ती सव्वापट चपळ दिसते. मराठी मालिकांना यात आणखी एक आधार मिळाला आहे तो मर्दानी खेळांचा. कोल्हापूरच्या तालमींतून दांडपट्टा, लाठी व तलवार शिकलेल्या मुलामुलींना पवित्रा आणि अंतर यांचे भान असते. अर्थात मर्दानी खेळातील पट्टा खरा असतो आणि तो फिरवणाऱ्याची नजर प्रतिस्पर्ध्यावर असते. कॅमेऱ्यासमोर नजर कॅमेऱ्याच्या कोनावरही ठेवावी लागते. तालमीतले कौशल्य चित्रीकरणात जसेच्या तसे उपयोगी पडत नाही, ते पुन्हा घडवावे लागते.

उंचावरून पडणे

तटावरून कोसळणाऱ्या मावळ्याच्या दृश्यामागे शालेय भौतिकशास्त्रच आहे. दहा मीटर उंचीवरून पडणारा माणूस जमिनीजवळ येताना सेकंदाला सुमारे चौदा मीटर, म्हणजे ताशी पन्नास किलोमीटर वेगात असतो. त्या वेगाने जीव जात नाही, तो वेग किती अंतरात शून्यावर येतो यावर सारे अवलंबून असते. कठीण जमिनीवर शरीर पाच सेंटिमीटरमध्ये थांबले, असे धरले तर त्यावर गुरुत्वाकर्षणाच्या दोनशे पट मंदन येते. एक मीटरमध्ये थांबले तर दहा पट आणि दोन मीटरमध्ये थांबले तर पाच पट. साहसकलावंताखाली पसरलेली हवेची प्रचंड गादी हे एक-दोन मीटर मिळवून देते. तो पाठीवर पडतो, कारण पाठीवर भार अधिक पृष्ठभागावर विभागला जातो.

मालिकांना अशी गादी प्रत्येक वेळी परवडत नाही. तेथे पुठ्ठ्याचे रिकामे खोके कामास येतात. खोक्यांचे थर रचतात, बाहेरून दोरीने बांधतात आणि वर गाद्या पसरतात. खोके चेपताना ऊर्जा शोषून घेतात. तीन मीटरवरून पडणाऱ्या माणसाला साठ सेंटिमीटर चेपणारी रास मिळाली, तर मंदन पाच पटीवर येते. उपाय स्वस्त आहे, पण एका अटीवर. चेपलेले खोके दुसऱ्या प्रयत्नासाठी निकामी असतात. 'आणखी एकदा घेऊ' असे दिग्दर्शकाने म्हटल्यावर संपूर्ण रास नव्याने रचावी लागते आणि तेवढा वेळ सर्व पथक थांबून राहते. सुरक्षिततेची किंमत पुठ्ठ्यात थोडी आणि मिनिटांत फार असते, ती अशी.

तटावरून सुटणारा माणूस, हवेतील माणूस आणि जमिनीवर पडलेला माणूस हे तीन वेगवेगळे तुकडे असतात. अनेकदा ती माणसेही तीन असतात. पहिला नट, दुसरा डुप्लिकेट, तिसरा पुन्हा नट. उंच फेकला जाणारा सैनिक अंगरख्याखाली कमरपट्टा बांधून पोलादी तारेला अडकवलेला असतो. पूर्वी ही तार गडद पार्श्वभूमीत लपवीत, आता ती संगणकावर पुसतात. संगणकाने साहसदृश्य सुरक्षित केले ते प्रामुख्याने येथे. माणसाला हवेत उडवण्याचे काम तारच करते, पण ती जाड व भक्कम ठेवता येऊ लागली, कारण ती दिसण्याची भीती उरली नाही.

घोडा

ऐतिहासिक मालिकेतील सर्वांत अवघड कलावंत घोडा. त्याला आकडे मोजता येत नाहीत, संहिता कळत नाही आणि कृत्रिम तोफेचा आवाज कृत्रिम आहे हेही त्याला ठाऊक नसते.

घोडा पाडण्याचा इतिहास लज्जास्पद आहे. १९३६ च्या 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' या हॉलिवूडपटासाठी घोड्यांच्या पायांना तारा बांधून त्यांना भर धावेत पाडले गेले. त्यात कित्येक घोडे मेले अथवा मारावे लागले. १९३९ च्या 'जेसी जेम्स'साठी कड्यावरून पाण्यात ढकललेला घोडा मेल्यानंतर अमेरिकेत चित्रीकरणावर प्राणिरक्षक संस्थेची देखरेख सुरू झाली. त्याच काळात याकिमा कनुट या साहसकलावंताने घोडेस्वारीच्या साधनांत सुधारणा केल्या. पडताना पाय चटकन सुटेल अशी रिकीब ही त्यांपैकी एक. घोड्यावरून पडणारा स्वार पडल्यामुळे फारसा मरत नाही, रिकिबीत पाय अडकून फरपटत गेल्यामुळे मरतो, हे त्यामागील निरीक्षण होते.

भारतात प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आणि त्याखालील, खेळ करणाऱ्या प्राण्यांच्या नोंदणीविषयीचे २००१ चे नियम चित्रीकरणाला लागू होतात. प्राण्याची नोंदणी आणि चित्रीकरणापूर्वी भारतीय पशुकल्याण मंडळाकडे अर्ज या बाबी अनिवार्य आहेत. प्राण्याला आगीतून नेणे, स्फोटाच्या अथवा मोठ्या आवाजाच्या जवळ उभे करणे यांना या नियमांत मनाई आहे. म्हणून आजच्या मालिकेत घोडा सहसा पडतच नाही. घोडा चौकटीतून निघून जातो, धूळ उडते, पुढच्या तुकड्यात स्वार जमिनीवर लोळताना दिसतो. स्वाराला खरोखर पडावयाचे असेल तेथील जमीन आधी खणून, खडे वेचून, वाळू व भुसा मिसळून मऊ केली जाते आणि वर मूळ मातीचा पातळ थर पसरला जातो. तोफ उडते तेव्हा घोडे तेथे नसतात. जळणारी छावणी आणि दौडणारे घोडदळ यांची गाठ संकलकाच्या मेजावर पडते. दौडीची चांगली दृश्ये एकदा मिळाली की ती जपून ठेवतात व निरनिराळ्या भागांत पुन्हा वापरतात. चाणाक्ष प्रेक्षक तोच पांढरा घोडा तिसऱ्या लढाईत ओळखतो आणि हसतो. त्या पुनर्वापराने घोडा व स्वार यांची एकेक दौड वाचलेली असते, हे मात्र त्याच्या लक्षात येत नाही.

शिरूर म्हणजे जुने घोडनदी. येथे ब्रिटिश काळात घोडदळाची छावणी होती. परंतु आज या तालुक्यांत घोडा दिसतो तो वरातीत, जत्रेत आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीत. वाजंत्रीला सरावलेला घोडा तलवारींच्या गर्दीला सरावलेला असतोच असे नाही. घोडा व मोतद्दार दोघेही ओळखीचे असणे, स्वाराने काही दिवस आधी त्याच घोड्यावर सराव केलेला असणे, ही चित्रीकरणातील पूर्वअट त्यामुळेच महत्त्वाची ठरते.

रंगमंचाशी तुलना केली म्हणजे तुकडे करण्याच्या पद्धतीचे मोल कळते. २०२३ मध्ये कराड येथे 'शिवपुत्र संभाजी' या महानाट्याच्या प्रयोगात घोड्यावरून प्रवेश करताना घोडा अडखळून डॉ. कोल्हे यांच्या पाठीला दुखापत झाली. अनेक वर्षे ऐतिहासिक भूमिकांत वावरलेल्या अनुभवी नटाच्या बाबतीत हे घडले. महानाट्यात दौड संपूर्ण, एका दमात आणि हजारो प्रेक्षकांसमोर व्हावी लागते. तेथे 'कट' म्हणता येत नाही.

आग : न ओळखलेला धोका

पेटलेला माणूस दाखवताना कलावंत अग्निरोधक कापडाचे अनेक थर घालतो. कातडीवर पाणी धरून ठेवणाऱ्या लेपाचा जाड थर असतो आणि चेहरा झाकलेला अथवा कॅमेऱ्यापासून वळवलेला असतो. ज्वाळा अंगावर असताना तो श्वास रोखून धरतो, कारण तापलेली हवा आत गेली तर फुप्फुसे भाजतात. साहजिकच असे दृश्य मोजक्या सेकंदांचे असते. कलावंताने पालथे पडून हात पसरणे ही 'विझवा' ही खूण आधीच ठरलेली असते. ती दिसताच ओल्या चादरी व अग्निशामक नळकांडी घेतलेली माणसे धावतात. त्या माणसांना त्या दिवशी दुसरे कोणतेही काम दिलेले नसते.

याच्या शेजारी ८ फेब्रुवारी १९८९ ची घटना ठेवून पाहावी. म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत 'द सोर्ड ऑफ टिपू सुलतान' या दूरदर्शन मालिकेचे चित्रीकरण चालू असताना आग लागली. तीत ६२ जणांचा मृत्यू झाला. नायक व दिग्दर्शक संजय खान गंभीररीत्या भाजले व त्यांच्यावर अनेक शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. चित्रित होत होते ते युद्ध नव्हते, उत्सवाचे दृश्य होते. बंदिस्त वास्तू, ढिली वायरिंग, भिंतींना लावलेले ज्वलनशील तागाचे आवरण, अपुरे वायुवीजन आणि आग विझवण्याच्या साधनांची उणीव या बाबी नंतर पुढे आल्या. भारतीय दूरचित्रवाणीच्या इतिहासातील ही अत्यंत भीषण दुर्घटना साहसदृश्यात घडलेली नाही. युद्धाचे दृश्य असते तर कदाचित कोणी वाळूच्या बादल्या मोजल्या असत्या.

हा धोका इतिहासजमा झालेला नाही. कर्जतच्या एन. डी. स्टुडिओतील, 'जोधा अकबर'साठी उभारलेल्या भव्य सेटला मे २०२१ मध्ये आग लागली. गोरेगावच्या चित्रनगरीत मार्च २०२३ मध्ये 'गुम है किसी के प्यार में' आणि २३ जून २०२५ रोजी 'अनुपमा' या मालिकांचे सेट जळाले. या तिन्ही घटनांत जीवितहानी झाली नाही, हे सुदैव. लाकूड, प्लायवूड, थर्मोकोल, कापड आणि रंग यांनी उभा केलेला राजवाडा म्हणजे आतून दिवे लावलेली गंजी असते. कौटुंबिक मालिकेतील स्वयंपाकघराचा सेट या दृष्टीने रणांगणाच्या सेटइतकाच जोखमीचा आहे.

वेळ आणि कायदा

पनवेलच्या त्या सात आठवड्यांकडे आता परत यावे लागते. दैनंदिन मालिकेला आठवड्याला पाच-सहा भाग द्यावे लागतात आणि एका भागात सुमारे वीस-बावीस मिनिटांचे दृश्य असते. चित्रपटाचे पथक दिवसाकाठी दोन-तीन मिनिटांचे उपयुक्त चित्रण करते, तर मालिकेच्या पथकाला जवळजवळ एक संपूर्ण भाग हातावेगळा करावा लागतो. वर वर्णन केलेली सर्व साधने वेळ मागतात. खोके पुन्हा रचणे, जमीन खणणे, आकडे घोकणे, घोडा निवण्याची वाट पाहणे, या गोष्टींत घाई करता येत नाही. लेखकाने सायंकाळी लिहिलेले दृश्य दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रित होत असेल, तर साहसदृश्य दिग्दर्शकाचे कौशल्य कितीही मोठे असो, सराव होणार कधी? मालिकांच्या सुरक्षिततेचा खरा शत्रू धाडस नसून वेळापत्रक आहे, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

अपघातानंतर एखादा व्यवसाय काय शिकतो, याचे एक बोलके उदाहरण जुलै १९८२ मध्ये मिळते. त्या महिन्यात बंगळूर येथे 'कुली'च्या चित्रीकरणात मारामारीच्या एका साध्या दृश्यात टेबलाचा कोपरा पोटात लागून अमिताभ बच्चन मरणाच्या दारी पोहोचले. त्याच महिन्यात, २३ तारखेस, कॅलिफोर्नियात 'ट्वायलाइट झोन' चित्रपटाच्या चित्रीकरणात स्फोटामुळे हेलिकॉप्टर कोसळून नट विक मॉरो आणि दोन बालकलाकार मृत्युमुखी पडले. तेथे खटला चालला. १९८७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. पण त्या निमित्ताने चित्रपटव्यवसायाने सुरक्षा समित्या नेमल्या आणि धोक्याच्या प्रत्येक प्रकारासाठी लेखी सूचनापत्रे तयार केली. आपल्याकडे देशभर प्रार्थना झाल्या, नायक बरा झाला आणि १९८३ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा अपघाताचा तो क्षण पडदा स्थिर करून, वर मजकूर देऊन दाखवण्यात आला. प्रार्थनांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र त्या दृश्यातील टेबलाच्या कोपऱ्याविषयी कोणताही नियम झाला नाही.

ज्यांच्यासाठी देश प्रार्थना करीत नाही अशा कलावंतांची स्थिती याहून बिकट आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये कर्नाटकातील तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयात 'मास्ती गुडी' या कन्नड चित्रपटासाठी हेलिकॉप्टरमधून उड्या मारलेल्या तिघांपैकी नायक वाचला आणि दोन कलावंत बुडाले. आपल्याला नीट पोहता येत नाही, हे त्यांनी आधी सांगितले होते. त्यांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत नागपट्टिणम जिल्ह्यात मोटार उलटवण्याच्या दृश्यात एका ज्येष्ठ साहसकलावंताचा मृत्यू झाला. त्यानंतर अभिनेते अक्षय कुमार यांनी सहाशेहून अधिक साहसकलावंतांचा विमा उतरवल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. हा एका सहृदय नटाचा पुढाकार आहे. जी तरतूद निर्मितिखर्चाचा भाग असावयास हवी ती औदार्यावर सोपवली जाते, ही या व्यवसायाची अवस्था त्यातून प्रकट होते.

कायदाही दीर्घकाळ दूरचित्रवाणीपर्यंत पोहोचला नव्हता. सिने-कामगारांच्या सेवाशर्तींचे नियमन करणारा १९८१ चा अधिनियम पूर्ण लांबीच्या कथापटांपुरता होता. एकाच कलावंताने सोमवारी चित्रपटासाठी मारलेली उडी त्या अधिनियमाच्या कक्षेत आणि मंगळवारी मालिकेसाठी मारलेली तीच उडी कक्षेबाहेर, असा विचित्र प्रकार होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने 'सिने-कामगार' या संज्ञेऐवजी 'दृक्‌श्राव्य कामगार' ही व्यापक संज्ञा स्वीकारली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. त्या वेळी केंद्र शासनाने दिलेल्या माहितीत डबिंग कलाकारांबरोबर साहसकलावंतांचाही स्पष्ट उल्लेख होता. लेखी नियुक्तिपत्र आणि जादा कामासाठी दुप्पट वेतन या तरतुदींचा संबंध वरवर पाहता पुठ्ठ्याच्या खोक्यांशी नाही. परंतु चौदाव्या तासाला दुप्पट पैसे मोजावे लागणार असतील, तर तो तास सकाळच्या सरावासाठी वापरण्याचा विचार निर्माता करू लागेल.

स्नेहसंमेलनाचा रंगमंच

हा विषय महाविद्यालयीन अध्यापकांच्या दारापर्यंत येतो तो अनुकरणाच्या वाटेने. दूरदर्शनवरील 'शक्तिमान' मालिकेच्या काळात मुलांनी उड्या मारल्याच्या बातम्या आल्या आणि मुख्य नट मुकेश खन्ना यांना स्वतः पडद्यावर येऊन मुलांना समजवावे लागले. त्या मालिकेतील उड्डाण अशक्य तरी दिसत होते. ऐतिहासिक मालिकेतील झुंज, फाशी वा घोडदौड शक्य दिसते, म्हणून ती अधिक घातक. ऑक्टोबर २०२२ मध्ये कर्नाटकातील चित्रदुर्ग येथे १२ वर्षांच्या एका मुलाने शाळेच्या नाटकातील भगतसिंगांच्या भूमिकेचा सराव घरी एकट्याने केला आणि गळ्याला फास बसून तो दगावला.

मालिकेतील फाशीच्या दृश्यात फास वजन पेलत नाही. वजन पेलतो तो सदऱ्याखालचा कमरपट्टा, पाठीमागून वर गेलेल्या तारेने. गळ्यातील दोर वरच्या दोराशी हलक्या धाग्याने जोडलेला असतो आणि किंचित ताण येताच तो तुटतो. पुष्कळदा पायांखालचा फळा हलतच नाही. पडणारी पावले दाखवण्यासाठी वेगळा माणूस दोन फुटांवरून गादीवर उडी मारतो. पडद्यावर यांतले काहीच दिसत नाही, दिसू नये अशीच योजना असते. म्हणून पडद्यावरून शिकणारा विद्यार्थी नेमके तेवढेच शिकतो जे करावयाचे नसते.

शिरूर-दौंड परिसरातील संमेलनांत आणि शिवजयंतीच्या कार्यक्रमांत शंभूराजांचा प्रवेश असतोच, असावाही. त्यात अनेकदा कोणाच्या तरी देव्हाऱ्यातील, दसऱ्याला पूजली जाणारी खरी तलवार आणलेली असते. सादरीकरणापूर्वी ती कोणाच्या हाती द्यावयाची हे ठरते, पण तिची धार कोणी पाहत नाही. मशाली पेटवल्या जातात आणि त्यांच्या वर कापडी मांडवाची झालर असते. मुलांच्या सरावाला एखादा अध्यापक उपस्थित असतो, तो बहुधा संवादांचे उच्चार तपासण्यासाठी. त्याच अध्यापकाने एकदा रंगमंचाच्या मागे जाऊन वायरी, दोर, धार आणि बाहेर पडण्याची वाट पाहून घेतली, तर त्याला अर्धा तास पुरतो. ती वाट बहुतेक सभागृहांत जादा खुर्च्या रचून ठेवण्यासाठी वापरलेली असते.